तारांसकट लाल

"मोठे काका जे करतात ते भल्यासाठीच, त्यांना काहून म्हणून विचारायचं नाही." पुसदच्या आमच्या घरातला हा नियम मी बी.एस्सी. होईपर्यंत मुकाट्यानं पाळला, याचाच आता राग येतो.

झालं काय, शिकवण्या घेऊन मी एक स्वस्तातली, जुन्या घाटणीची इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिची नवी चकाकी मला खुपत होती. म्हणून महिनाभर पॉलिश पेपरनं घासून कडांचं लाकूड उघडं केलं, पांढरी बटणं चहात बुडवून पिवळी केली. तेव्हा कुठे ती पन्नास वर्षं वाजवल्यासारखी दिसायला लागली.

शनिवारी शिकवणीवरून आले, तर गिटार जागेवर नाही. तेवढ्यात काका त्यांच्या गॅरेजमधून ती घेऊन हसत आले. ट्रॅक्टरचा लाल रंग, तोही तारांसकट मारलेला!

"दुकानदारानं पोरीच्या गळ्यात जुनं धूड मारलं होतं. पाह्य, नवीकोरी करून आणली!"

"काका, मले विचारलं काहून नाही?"

"मोठ्याइले असं बोलते?" आई ओरडली. "पाया पड त्यांच्या."

"राहू दे वो," काका खुर्चीत टेकत म्हणाले. "उद्या पाव्हणे येऊन राहिले, त्यांच्यासमोर पोरगी एक भजन वाजवीन, झालं."

मी गिटार उचलून काकांच्या मांडीवर ठेवली. "मी नाही वाजवत. ज्यानं रंगवली, त्यानंच वाजवावी."

काकांनी एक तार ओढून पाहिली. ती त्यांच्या बोटाला लाल रंग लावून गप्प बसली. मग काकाही बसले, आणि आईही.