टाकीतल्या जंतूंची आई

नाही, तुम्हीच सांगा, बाजारातून जंतू विकत आणले तर काय बिघडलं? चांगले जंतू होते हो! तुम्हाला सांगते, मागच्या खोलीत माझी टाकी. माती नाही, नुसतं खताचं पाणी, झाकणाला तीस भोकं आणि भोकाभोकात लेट्यूस... हॉटेलचा आचारी सगळं नेणार, माझं पहिलंवहिलं गिऱ्हाईक! आणि तो यायच्या पंधरा दिवस आधी झाकण उचलते तर काय, मुळं तपकिरी, बुळबुळीत! मी किंचाळले. तशी मी दाराची बेल वाजली तरी किंचाळते, पण हे किंचाळणं रास्त होतं.

दुकानदार म्हणाला, "ताई, घाबरू नका, ही बाटली ओता. यातले जंतू मुळांवर बस्तान मांडतात, सडवणाऱ्यांना टेकायला जागा ठेवत नाहीत."

पण घरात आई! तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची नर्स! "काय गं बाटलीत?" "जंतू." "घरात?" "आई, चांगले जंतू आहेत!" "सगळे आपापल्या आईला चांगलेच असतात!"

त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना सोसत नाही, म्हणून पाणी आधी दिवसभर उघडं ठेवायचं. हवेचा पंप बंद पडता कामा नये. आणि आई फिनेलची बादली घेऊन दारात! "आई, लांब! मरतील ते!" "मरायलाच हवेत, जन्मभर दुसरं काय केलं मी?"

पण चौथ्या दिवशी बघते तर आई टाकीत बर्फाची बाटली सोडतेय. "पाणी तापलंय गं... उकडत असेल त्यांना." मग भिंतीवर तक्ता आला, सकाळ-संध्याकाळ पाण्याचं तापमान! दहाव्या दिवशी नवी मुळं, पांढरीशुभ्र! आई म्हणाली, "पेशंट वाचला." मी रडले. तशी मी...जाऊ दे.

आचारी आला, खूश झाला. "वा! एकदम स्वच्छ दिसतंय!"

"स्वच्छ?" आईची मान ताठ. "अहो, कोट्यवधी जंतू आहेत! एकेकाला जपलंय मी!"

आचाऱ्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "चांगले जंतू आहेत हो! मुळांना आहेत, पानांना नाहीत!" मी जिन्यावरून ओरडतेय, तो खाली पोचलासुद्धा!

काल दुसऱ्या हॉटेलच्या बाई आल्या. आईला बजावलं होतं, जंतूंचं नाव काढायचं नाही. नाही काढलं! फक्त बाईंचे हात हुंगले आणि म्हणाली, "जंतुनाशक साबण ना? मग लांबूनच बघा."

...तुम्ही उठू नका हो. लेट्यूस आणू थोडं?