सुभेदारांच्या भिंतीचे अकरा मिलिमीटर

...आणि वरून ती पोरगी म्हणते काय, तर अंकल, तुमचं घर खचून नाही राहिलं, उचललं जाऊन राहिलं आहे. आता तुम्हीच सांगा, असं ऐकून माणसानं करावं काय? दोन फूट जाड भिंत हो ती, चुन्यात बांधलेली, शंभरावर वर्षं उभी, डोक्यावर सागवानी तुळया, त्यावर कौलं... आणि ती उचलली जाते, म्हणजे काय पापड आहे तो?

थांबा, आधी नीलकंठराव सुभेदार कोण ते सांगतो, नाहीतर त्यांचं दुःख तुम्हाला कळायचं नाही. जबलपूरला तोफांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढली, तीही तपासणी खात्यात. काम काय, तर दुसऱ्यानं घडवलेल्या वस्तूत खोट शोधायची. केसाएवढा फरक निघाला की माल परत, मग समोर कोणी का असेना. असा माणूस रिटायर होऊन सिविल लाइंसमधल्या, वडिलांनी घेतलेल्या बंगल्यात निवांत बसतो, आणि त्याच्याच निजायच्या खोलीत, खिडकीपासून खाली कोपऱ्यापर्यंत तिरपी, भेग! आठ वर्षं ती वाढत होती. शेवटी शेवटी शरयूबाई, म्हणजे त्यांची बायको, तिच्यात कंगवा खोचून ठेवायला लागल्या. नीलकंठराव पलंगावर पडले की भेग समोर, कूस बदलली की भेग पाठीशी.

ठेकेदार आला, मोहन भैया. भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "साब, ये कोना बैठ गया है. पूरा कमरा गिरा दो, कॉलम खड़े कर देते हैं. सोमवार से शुरू." जसं काही दाढी करायची आहे. आणि नीलकंठराव हो म्हणून बसले, कारण दुसरं सुचत नव्हतं. पण त्या दिवशी जेवले नाहीत.

शरयूबाई म्हणाल्या, "पाडायचं तर पाडा, पण एकदा शिकलेल्या माणसाला दाखवायला काहून लाजता?" आणि त्यांनी आपल्या मैत्रिणीच्या मुलीला बोलावलं. ऋचा. विजय नगरला राहते, इमारतींची इंजिनियर, आणि कामं फक्त जुन्या घरांची घेते. नव्यात मन लागत नाही म्हणे.

आली ती भेगेकडे गेलीच नाही. आधी घराला बाहेरून फेरी मारली. मग त्या कोपऱ्याशी जाऊन चक्क मातीत बसली. तिथून आत येऊन भेगेसमोर उभी राहिली, आणि आमच्याकडच्या पोरांचं मराठी कसं, समजतं पूर्ण अन् बोलताना अर्ध्यात हिंदी होते, तसं म्हणाली, "अंकल, कोना बैठता, तो दरार ऊपर चौड़ी होती. ही तर खाली चौडी आहे ना? कोणीतरी याला खालून ढकलून राहिलं आहे."

नीलकंठराव वाकले. बघितलं. खरंच, खाली रुंद, वर अरुंद. आठ वर्षं रोज बघत होते, तपासणी खात्यातला माणूस, आणि हे दिसलं नाही. कान लाल झाले त्यांचे, शरयूबाईंनी बघितलं.

तरी म्हणाले, "अगं, दोन फूट जाड भिंत आहे ती. ढकलेल कोण?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "विचारू या." आणि भेगेच्या दोन बाजूंना पितळेचे दोन स्क्रू बसवले. म्हणाली, वर्षभर दर रविवारी यांच्यामधलं अंतर मोजा, तोवर एक वीट हलवायची नाही. मोहन भैया रुसून गेला. नीलकंठरावांनी ट्रंकेतून आपलं मोजमापाचं व्हर्नियर काढलं, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी दोनदा जेवले.

मग काय, रविवार आला की नवरदेवासारखे आंघोळ करून तयार. पावसाळ्यात अंतर कमी झालं. ऋचा म्हणाली, "सही है. खालची काळी माती पाणी पिऊन फुगते. चारी बाजूंनी एकसारखी फुगली की पूरा घर एकसाथ वर येतं. दर साल येतं, अंकल." नीलकंठरावांनी पलंगाकडे बघितलं. म्हणजे दर श्रावणात आपण पलंगासकट वर जातो आणि उन्हाळ्यात खाली उतरतो, आणि साठ वर्षांत कोणी बोललं नाही?

हिवाळा शांत गेला. एप्रिलमध्ये अंतर वाढायला लागलं, आणि मे महिन्यात, जेव्हा सगळ्या गावची जमीन वाळून तडकते, तेव्हा भेग अकरा मिलिमीटर. ऋचा म्हणाली, "बाकी माती आकसून राहिली, हाच कोपरा फुगतो. उन्हाळ्यात इथं पाणी कुठून?"

नीलकंठराव शेजाऱ्यांच्या टाकीवर गेले, महापालिकेच्या नळावर गेले, तीन दिवस कुंपणाशी उभे राहून शेजारच्या माळ्याची चौकशी केली. काही नाही. मग कोपऱ्यात खणलं. बाकी अंगण दगड, आणि इथं माती लोण्यासारखी. तेवढ्यात शरयूबाई पायरीवर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो... कूलर."

एकोणीस उन्हाळे, भेग दिसायच्या कितीतरी आधीपासून. रोज संध्याकाळी नीलकंठराव खिडकीतल्या कूलरच्या टाकीत पाईप सोडायचे आणि बातम्या ऐकायला आत जायचे. टाकी भरायची, बाहेर त्याच कोपऱ्यात वाहायची, बातम्या संपेपर्यंत वाहायची. दुसऱ्याच्या केसाएवढ्या चुका पकडणारा माणूस हो.

त्यांना पटेना. दोन फूट जाड भिंत, आणि कूलर? ऋचानं त्या अंगणातली सुकी माती कुटून काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत भरली, खूण केली, पाणी ओतलं. सकाळी बघतात तर माती खुणेच्या बोटभर वर. नीलकंठरावांनी ग्लास खाली ठेवला. मग आत जाऊन भिंतीवर तळहात टेकवला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर टेकवावा तसा. "हिनं एवढं सोसलं," म्हणाले, "अन् पडली नाही."

"चुन्याची आहे ना," ऋचा म्हणाली. "थोडी वाकते. सिमेंटची असती तर केव्हाच तुटली असती."

कूलर काढला. कोपरा हळूहळू वाळू दिला. पुढच्या मेमध्ये मोजलं तर अकराचे चार झाले होते. उरलेली भेग नीलकंठरावांनी स्वतः चुन्यानं भरली, मोहन भैयाला हात लावू दिला नाही.

ऋचा म्हणाली, दुसऱ्या बाजूला लावा कूलर, खाली नाली काढून देते. तर म्हणतात, "त्या बाजूलाही भिंतच आहे ना."

आता बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि नीलकंठराव गरम वारा फेकणाऱ्या पंख्याखाली घामानं निथळत पडलेले. शरयूबाई विचारतात, "फार गरम होऊन राहिलं का हो?" तर डोळे न उघडता, भिंतीवर हात ठेवून म्हणतात, "मला काहून विचारतेस? तिला बरं वाटून राहिलं ना, मग झालं."