अरुंधतीसाठी सेल

हेमचंद्र : अगं, दुकानदारानं नर्मदामैयाची कसम खाल्ली ना! म्हणाला, अंकलजी, सबसे तगड़ा सेल है. हे बघ, बॅटरीवरच छापलंय, नऊ हजार नऊशे एमएएच!

विनता : छापायला काय जातं? हातात घेऊन पाहा जरा. आपल्या टॉर्चमधला याच मापाचा सेल चांगला जड आहे. हा मुरमुऱ्यासारखा लागून राहिला. मी काट्यावरही ठेवून पाहिला. नकली आहे जी.

हेमचंद्र : म्हणून काल हा लेसर पॉइंटर दोन मिनिटांत बसला! चलो, काही हरकत नाही. मी आज कमानिया गेटच्या बाजारातून दोन छोटे सेल घेऊनच आलो. एकामागे एक घातले की लेसरच्या नळीत बरोब्बर बसतात. डबल पावर!

विनता : काहून जाळता त्याला? त्याच्या कागदावर एकच लांब सेल सांगितलाय. दोन जोडले तर व्होल्टेज दुप्पट होईल, आतला डायोड जाईल. जन्मभर फिजिक्स मी शिकवलं की तुम्ही?

हेमचंद्र : मी बँकेत होतो बापा, मला काय कळतं! पण आज तुला अरुंधती दाखवायची म्हणजे दाखवायचीच. आपल्या लग्नात गुरुजींनी भर दुपारी मांडवाच्या छताकडे बोट केलं, अन् तू मान डोलावली.

विनता : मग काय करणार होते? पंगत खोळंबली होती. अन् नंतर या डोळ्यांना वसिष्ठाशेजारची ती बारीक चांदणी कधी दिसलीच नाही.

हेमचंद्र : आता दिसेल! तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, डॉक्टर म्हणाले आता सगळं पाहा. हिरवी रेघ थेट तिच्यापर्यंत नेतो, बघच तू!

विनता : हा घ्या, टॉर्चमधला सेल. चांगल्या कंपनीचा आहे, प्रोटेक्शनवाला. जास्त करंट ओढला गेला तर आपोआप बंद पडतो, तापत नाही. मी दुपारीच भरून ठेवला, मीटरही लावून पाहिला.

हेमचंद्र : वा! तूही उतावीळ झालीस की!

विनता : झालेच आहे. सकाळपासून आभाळ पाहून राहिले, ढग तर येत नाहीत ना म्हणून. पण ऐका, ही चीज डोळ्यांसाठी वाईट आहे. लेसर फक्त सरळ वर धरायचा. शेजारच्या गच्चीकडे नाही, अन् डुमना विमानतळाचं विमान आलं की लगेच बंद.

(महाराजपुरातली गच्ची. अंधार पडला आहे.)

हेमचंद्र : लावतो हं... लागला! पाहिलंस? पण हे काय, अर्ध्यातच रेघ फिकी पडली. हाही सेल कमजोर निघाला.

विनता : फिकी कुठे? पार वर गेली की! काय सुरेख दिसून राहिली हो!

हेमचंद्र : वर गेली? नक्की? बरं. ते सप्तर्षी. शेपटीतला मधला तो वसिष्ठ. हा, इथं टेकवली बघ!

विनता : कुठं टेकवली? ही तर रिकामी जागा आहे. डावीकडे घ्या... अजून... थोडं वर. थांबा! हात हलवू नका!

हेमचंद्र : काय झालं?

विनता : आहे! खरंच आहे हो, अगदी त्याला लागून! इतकी वर्षं शाळेतल्या मुलींना वहीत काढून दाखवली, अन् स्वतः आज पाहून राहिले. अहो, मला रडू येऊन राहिलं.

हेमचंद्र : रड, रड! मी म्हटलं होतं ना! फक्त सेल आणखी चांगला पाहिजे होता. नऊ हजारचा असली मिळाला असता तर...

विनता : सेल उत्तम आहे. तुम्हाला वसिष्ठ दिसतो का?

हेमचंद्र : त्याची जागा मला पाठ आहे.

विनता : मी ‘दिसतो का’ म्हणून विचारलं.

हेमचंद्र : थोडं धुकं आहे ना आज.

विनता : मे महिन्यात?

हेमचंद्र : ...नाही दिसत. रेघही अर्ध्यापर्यंतच दिसते. मला वाटलं, सेलच.

विनता : कधीपासून?

हेमचंद्र : आधी तुझं ऑपरेशन होऊ दे म्हटलं. ते सोड. सांग ना, कशी आहे ती?

विनता : बारीकशी आहे. छान आहे. लेसर द्या इकडे अन् माझा हात धरा, जिन्यात अंधार आहे.