बाई आल्या की सुई चढायची

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे संचालक सर आणि पाहुणे मंडळी, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो त्या आमच्या बाई, बाईंचे यजमान, आणि मागच्या रांगेत चहाच्या किटलीकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी बंधुभगिनी,

कंबर धरली आहे, म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी टेबलाशी बसून बोलतो. सूत्रसंचालिकेने मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालिका म्हणजे ही आमची पेन्सिल. शिकायला आली तेव्हापासून अंबाड्यात पेन्सिल खोचते, आज एवढी मोठी संशोधक झाली तरी ती आहेच, बघा. मी प्रयोगशाळा सहायक. हलायचं नाही, शिंकायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, असं काम सव्वीस वर्षं केलं. तेव्हा माइक मिळाल्यावर वाहवत गेलो तर आश्चर्य कसलं?

काम काय, ते पाहुण्यांना सांगतो. उंदराची शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक एक नस घ्यायची, लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. तिच्या पोकळीतून केसाहून बारीक दोन तारा ओवायच्या. कोमट खारट पाण्यात ती ठेवायची आणि वरून औषधाचा थेंब सोडायचा. नस आवळली की तारा ओढल्या जातात आणि कागदावरची सुई वर चढते. आता नस आवळतं कोण? मज्जातंतूंच्या टोकांतून रसायनं सुटतात, ती. त्यातलं एक आरडाओरडा करून लगेच निघून जातं. दुसरं बाईंचं लाडकं न्यूरोपेप्टाइड. ते उशिरा येतं, सावकाश बोलतं आणि जाता जात नाही. एकटं असलं तर फारसं काही करत नाही, पण पहिल्याचा आरडाओरडा चालू असला की त्यात तेल ओततं. बाईंनी हे सांगितलं आणि मला एका झटक्यात समजलं, कारण आमच्या घरी आत्या आहेत. आज त्या आलेल्या नाहीत, म्हणून बोलतोय.

तर अकरा वर्षांपूर्वी एक नवल सुरू झालं. थेंब सोडायच्या आधीच सुई चढायची. केव्हा? बाई खोलीत आल्या की. बाई गेल्या की खाली. पेन्सिल म्हणाली, नस बाईंना घाबरते. मी म्हटलं, बाळ, उंदीर सकाळीच गेला, आता नस कशाला घाबरेल? पण बाई विचारात पडल्या. नसेच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं शिल्लक असतात, तीच चाहूल लागून न्यूरोपेप्टाइड सोडत असतील का? मग बाई अत्तर न लावता आल्या. सुई वर. चपला काढून आल्या. सुई वर. दाराबाहेरून बोलल्या, तर सुई ढिम्म. 'आगमनजन्य आकुंचन' असं भारदस्त नाव ठरलं. हे चार महिने चाललं.

एके दिवशी माझी कंबर धरली, अशीच. एरवी बाई आल्या की मी उठायचो आणि त्या जाईपर्यंत बसायचो नाही. वडिलांची शिकवण, शिकलेलं माणूस आत आलं की उठावं. त्या दिवशी उठताच येईना. बाई आल्या आणि सुई जागची हलली नाही. बाईंनी सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि गुपचूप निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "यापुढे मी आले की तुम्ही उठायचं नाही."

एवढंच. माझ्या जिवाला ते फार लागलं. एक दिवस उठलो नाही तर एवढा राग? त्याच आठवड्यात बैठकीत बाईंनी सांगितलं, "मी केलेलं द्रावण बिघडलं होतं, चूक माझी, चार महिन्यांची मोजमापं रद्द." त्यावर संचालक सरांनी त्यांना जे सुनावलं, ते सर विसरले असतील तर उत्तमच. मी मात्र मनात म्हणालो, चला, मोठी माणसंही चुकतात. आणि अकरा वर्षं फुगून बसून राहिलो.

गेल्या आठवड्यात बाईंचं कपाट आवरताना जुनी वही सापडली. त्या तारखेला बाईंनी लिहिलं आहे, "सहायक उभे राहिले की त्यांचं पोट टेबलाला टेकतं. टेबल कलतं, सुई चढते. त्यांना सांगू नये. माझ्या मानासाठी उठतात, वाईट वाटेल."

हसा, हसा. बाईसुद्धा हसताहेत. मला मात्र वही हातात घेऊन तिथंच रडू आलं. बाई, बोलणी तुम्ही खाल्लीत आणि रुसलो मी. माझी चूक होती आणि त्याहून मोठी चूक म्हणजे मी तुम्हाला ओळखलंच नाही. आभार कसे मानायचे ते मला ठाऊक नाही, पण मानतो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्यात उणंदुणं निघालं असेल, आत्यांबद्दल जरा जास्तच, तर मोठ्या मनाने माफ करा.

बाई, आज तारांवर नस नाही. आज तुमचं ऐकणार नाही.

पेन्सिल, जरा टेबल धर. मी उठतोय.