उलट्या धारेचा चाकू

भगवंतराव : आधी चाकू नीट धर. भाजी चिरायला बसलीस का?

प्रणिता : धरलाय, काका. उघडतच नाही.

भगवंतराव : पात्याला नखाची खाच आहे. तिच्यात अंगठ्याचं नख घाल आणि ओढ. सहा वर्षांच्या पोराला येतं ते.

प्रणिता : खाच पलीकडच्या अंगाला आहे. डाव्या हातानं उघडायचा तर अख्खा चाकू उलटा करावा लागतो.

भगवंतराव : मग उजव्यानं उघड. देवानं दोन हात दिलेत, एक काय शोभेला दिलाय?

प्रणिता : हा उघडला. नख गेलं बघा.

भगवंतराव : नख गेलं म्हणे. सरकारी बागेत पस्तीस वर्षं नोकरी केली. शंभरावर माळी हाताखाली तयार झाले, पण नख घेऊन माझ्यासमोर कुणी आलं नाही.

भाग्यलक्ष्मी : एमंडी, अहो, पोरगी सिकंदराबादहून इथं बरकतपुऱ्यापर्यंत बसमध्ये उभी आली. आधी पाणी तरी पिऊ द्या. घे, प्रणिता अम्मा.

प्रणिता : ठेवा काकू, नंतर पिते. काड्या वाळतील.

भगवंतराव : किती आणल्यास?

प्रणिता : चारच. त्या ओल्या फडक्यात आहेत. बाबांच्या जुन्या क्वार्टरची सगळी लाईन पाडायला काढलीय. आंब्याचं झाड सोमवारी तोडू म्हणाला होता कंत्राटदार, आणि आज सकाळी जाऊन बघते तर करवत चालू. ज्या फांदीला हात पोचला तिच्या घेतल्या.

भगवंतराव : झाड पडल्यावर वेचलेल्या काड्या. त्यांना कलम लागत नसतं. दहा दिवस आधी पानं काढून ठेवावी लागतात.

प्रणिता : काढली होती, बऱ्याच फांद्यांची. देठ ठेवून. डोळे फुगलेत, बघा तुम्हीच.

भगवंतराव : हे कुणी सांगितलं तुला?

प्रणिता : बाबांनी. तुमच्याकडे शिकलेलं सगळं पाठ होतं त्यांना.

भगवंतराव : पाठ असून काय करायचं? पोथी पाठ करून कुणी पोहायला शिकतं का? सख्ख्या भावाला मी बागेत लावून घेतलं. एकवीस वर्षांचा घोडा. चाळीस कलमं बांधली माधवनं त्या मोसमात. किती लागली, विचार.

प्रणिता : एकही नाही.

भगवंतराव : अरे वा, सांगितलंय वाटतं.

प्रणिता : पुढचंही सांगितलंय. तुम्ही चाळीस कुंड्या ओळीनं मांडल्या, सगळ्या माळ्यांना बोलावलं आणि म्हणालात, डावऱ्याच्या हातचं कलम मरतं, बघून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून ते बागेत गेले नाहीत.

भगवंतराव : खोटं होतं का काही? उलट मलाच सांगायला लागला, दादा, चाकू बरोबर चालत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. त्याच चाकूनं मी हजार बांधली होती त्या वर्षी.

भाग्यलक्ष्मी : मग बिचारे भावजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले.

भगवंतराव : बरं झालं. डाव्या हातानं शिक्का मारला तरी पार्सल मरत नाही.

प्रणिता : आणि कलम करायचं नाही म्हटल्यावर त्यांनी क्वार्टरमागे कोय लावली. तुम्हीच सांगता ना, कोयीचं झाड आईवर जात नाही, स्वतःचंच काहीतरी निघतं? तसा आंबा मग दुसरीकडे कुठंच नाही. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, झाड आज गेलं. राहिल्या या चार काड्या.

भगवंतराव : रायवळ आहे तो. नाव नाही, गाव नाही. नुसते धागे.

भाग्यलक्ष्मी : दर उन्हाळ्यात टोपली यायची, तेव्हा एकेक धागा मोजत मोजत संपवायचे. कोया मी टाकल्या नाहीत हो. त्या सात कुंड्यांत रोपं आहेत ना, ती भावजींच्याच आंब्याची.

भगवंतराव : तरीच म्हटलं ही रोपं अशी वेडीवाकडी का.

प्रणिता : काका, मी भांडायला आले नाही. या रोपांवर या चार काड्या तुम्ही बांधून द्या. मी कुंडी धरते, पट्टी गुंडाळते, सांगाल ते करते. हात तुमचा हवा.

भगवंतराव : रायवळासाठी? माझा हात रायवळासाठी नाही.

भाग्यलक्ष्मी : हात कशासाठीच राहिला नाही ते सांगा की तिला. चहा बशीत कमी आणि लुंगीवर जास्त. दाढीला न्हावी घरी येतो.

भगवंतराव : भाग्यलक्ष्मी, आत जा.

भाग्यलक्ष्मी : नाही जात. चाळीस वर्षं आतच होते.

प्रणिता : काका, मला माहीत नव्हतं.

भगवंतराव : माहीत करून घ्यायला काय आहे त्यात? म्हातारपण आहे, सगळ्यांना येतं. म्हणून तर चाकू तुझ्या हातात दिलाय. तूच बांध. जमणार नाही म्हणा. दातांच्या लॅबमध्ये मेणाचे दात कोरणारी पोट्टी, वर डावरी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या काड्यांना हात लावू नकोस अजून. ती पेरूची काडी घे. दोन इंचाचा उतरता काप, एका ओढीत. हल्लू. करवतायचं नाही.

प्रणिता : झाला.

भगवंतराव : आता पात्याचं सपाट अंग वर कर, त्यावर काप ठेव आणि दाराकडे धर. काडी आणि पातं यांच्यामधून काय दिसतं?

प्रणिता : उजेड.

भगवंतराव : उजेड दिसला म्हणजे हवा शिरली, हवा शिरली म्हणजे काडी वाळली. माझ्या उस्तादानं मला हेच शिकवलं. दुसरी घे.

प्रणिता : ही पण तशीच.

भगवंतराव : तिसरी.

प्रणिता : तशीच. मधे खोलगट.

भगवंतराव : तंतोतंत बाप. त्याच्याही चाळीस काड्यांना मधे अशीच पळी पडायची. हात आहे की डाव आहे आमटीचा?

प्रणिता : काका, एक विचारू? तीनही वेळा एकाच जागी खोल गेलं. हात चुकला असता तर एकदा इथं, एकदा तिथं चुकला असता ना?

भगवंतराव : चुकण्यातही हुशारी दाखवायलीस.

प्रणिता : तुमच्या चाकूला धारेचा उतार एकाच अंगाला आहे. दुसरं अंग सपाट.

भगवंतराव : कलमाचा चाकू असाच असतो. हे तू मला सांगणार?

प्रणिता : तुम्ही उजव्या हातात धरता तेव्हा सपाट अंग काडीवर टेकतं, म्हणून काप सरळ येतो. मी डाव्यात धरला की सपाट अंग आभाळाकडे आणि उतार काडीवर. पातं आत घुसतं आणि वर उसळतं. कुणीही धरू दे डाव्या हातात, पळीच पडणार.

भगवंतराव : झालं. आता चाकूचा दोष. बापाचंच गाणं.

प्रणिता : लॅबमध्ये पहिल्या दिवशी मॅडमनी एवढंच विचारलं, डावरी का गं? आठवड्यात माझ्या हाताची हत्यारं मागवली. हाताला नावं ठेवत बसल्या नाहीत. तुम्ही पन्नास वर्षं हा चाकू खिशात बाळगलात आणि त्याला अंगं किती ते बघितलं नाही.

भाग्यलक्ष्मी : बघितलं असेल की. फक्त आपल्या बाजूनं.

भगवंतराव : तू मधे बोलू नकोस. आणि तू, खिशात काय चाचपायलीस?

प्रणिता : माझा चाकू.

भगवंतराव : चाकू घेऊन फिरतेस? मुलगी आहेस का मवाली?

प्रणिता : म्हणून तर बसनं आले. मेट्रोत बॅग मशीनमधून जाते, खिसे चाचपतात, चाकू दिसला की तासभर चौकशी. हा घडीचाच आहे, साधा. तुम्ही नाहीच म्हणालात तर असावा म्हणून आणला. कोठीला लॅबच्या खाली धारवाला बसतो, त्याच्याकडून घासून घेतला. एक अंग सपाट, दुसऱ्याला उतार, तुमच्यासारखाच, फक्त उलटा. नखाची खाचसुद्धा या अंगाला पाडून घेतली. त्यानं तीनदा विचारलं, उलटी धार कशाला, बेटी, बिघडेल.

भगवंतराव : शहाणा माणूस. आणि हा खिसा काय डावीकडे शिवलाय?

प्रणिता : कुडत्याला खिसा उजवीकडेच देतात. टेलरला सांगून शिवून घेतला.

भगवंतराव : सगळी दुनिया उलटी करायला निघालीय ही.

प्रणिता : दुनियेला कोण विचारतं? खिसा आणि धार, दोनच गोष्टी उलट्या केल्या.

भगवंतराव : बरं, चालव तुझं हत्यार. हाही तमाशा बघून घेऊ. पेरूचीच काडी घे.

प्रणिता : घेतली. एका ओढीत. हे बघा.

भगवंतराव : सावलीत काय दाखवतेस? सावलीत सगळंच सरळ दिसतं. आण इकडे, पातं पण आण. भाग्यलक्ष्मी, माझा चष्मा.

भाग्यलक्ष्मी : हा घ्या. धारेला हात नका लावू, कापाल. मनगट मी धरते.

(भगवंतराव काडी पात्यावर ठेवून दाराच्या उन्हाकडे धरतात.)

भाग्यलक्ष्मी : मला तर काही दिसत नाही. उजेड कुठाय?

प्रणिता : नाही, काकू. नसायलाच हवा.

भगवंतराव : दुसरी काडी काप.

प्रणिता : ही घ्या.

भगवंतराव : तिसरी.

प्रणिता : ही. तीनही सारख्या आहेत, काका. तीनदा काय, तीसदा कापते.

भगवंतराव : माधवकडे कुठला चाकू होता?

प्रणिता : मला काय माहीत? माझा जन्म व्हायचा होता.

भाग्यलक्ष्मी : हाच होता. तेव्हा दुसरा होता कुठं? सकाळी तुम्ही हा त्यांच्या हातात द्यायचात आणि संध्याकाळी परत मागून घ्यायचात. घरी येऊन डाव्या अंगठ्याला हळद लावत बसायचे भावजी.

भगवंतराव : तो म्हणाला होता मला. दादा, चाकू आत ओढतोय. दोनदा म्हणाला.

प्रणिता : आणि तुम्ही म्हणालात, अंगण वाकडं.

भगवंतराव : हौ.

प्रणिता : होतंच की वाकडं.

भगवंतराव : कळलं. बोलून बोलून त्याचा भुसा पाडू नकोस. आंब्याच्या काड्या घे. आधी खुंटावर, रोपाच्या खोडावर, तेवढ्याच लांबीचा काप, खाली छोटी आडवी खाच. हां. आता काडीला तसाच काप. खाचेत बसव. साल सालीला लागली का?

प्रणिता : लागली.

भगवंतराव : एका अंगाला तरी लागलीच पाहिजे. आता पट्टी, खालून वर, ओढून. आणखी ओढ. दात नाहीत ते, दुखत नाही त्यांना.

प्रणिता : पहिली झाली.

भगवंतराव : झाली म्हणू नकोस, बांधली म्हण. झाली की नाही ते झाड सांगेल. पुढची घे.

भाग्यलक्ष्मी : चहा ठेवते. चौथी बांधेपर्यंत उकळेल.

प्रणिता : काका, चौथीचा काप बघता का? शेवटची आहे.

भगवंतराव : काय बघायचं? बांध.

प्रणिता : बांधली. चारही.

भगवंतराव : सावलीत ठेव. तीन आठवड्यांनी डोळे हलतील. नाही हलले तर चूक तुझी, हाताचा त्यात काही संबंध नाही.

प्रणिता : पहिल्यांदाच मला आणि माझ्या हाताला वेगळं काढलंत.

भगवंतराव : फार बोलतेस. उद्या कोठीला जाशील ना कामावर?

प्रणिता : रोजच जाते.

भगवंतराव : मग हा माझा चाकू घेऊन जा. त्या धारवाल्याला म्हणावं, दुसऱ्या अंगानं घास. तुझ्यासारखा.

भाग्यलक्ष्मी : एमंडी, उस्तादांचा चाकू आहे तो. कुणाचा दगड लावू देत नव्हतात तुम्ही त्याला.

प्रणिता : काका, मग तुम्हाला तो चालणार नाही.

भगवंतराव : माधवला चालला नाही. मला आता चालत नाही. कुणाला तरी चालू दे.