ड्रायरमधली दहा मिनिटं

(जानेवारीतली सकाळ, साडेनऊ. सरोवराकाठच्या शहरातलं लिओना नोव्हाक यांचं स्वयंपाकघर. एकेचाळीस वर्षं त्यांनी शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कपडे शिवले, धुतले. आता त्यांचा मुलगा डेल संघाची साहित्याची खोली सांभाळतो. त्याचा कोट त्यांच्या मांडीवर आहे.)

डेल : राहू दे ते बटण, आई. अकराला तिथे पोचायचंय.

लिओना : चौकशीच्या वकिलांसमोर लोंबतं बटण घेऊन बसणार? कॉफी घे गपचूप. आणि अर्धवट सोडलंस ते पुरं कर. पंचांच्या खुणेपर्यंत आला होतास.

डेल : पुरं काय करायचं. किक मारायचे चेंडू लीगकडून सीलबंद येतात, नवे कोरे. पंच तपासतात, प्रत्येकावर शाईने छोटी खूण करतात. मग चेंडू सांभाळणारा आपला ओटिस त्यांची थैली घेऊन मैदानावर जातो. त्या दिवशी सामना संपल्यावर पंचाने चेंडू उचलला, तर मोहरीएवढी खूण पसरून बोराएवढी झालेली.

लिओना : म्हणजे ऊब लागली.

डेल : हो.

लिओना : आणि ओलही.

डेल : तू त्या वकिलांपेक्षा वाईट आहेस.

लिओना : त्या शाईचे डाग काढण्यात माझा जन्म गेला. गरम ओल्या कापडाला ती लगेच फुटते. पेपरात तर छापलंय, ओटिसने केलं म्हणून.

डेल : संशय आहे, असं छापलंय.

लिओना : घरी बसवलंय त्याला. त्याची बायको रविवारी चर्चला आली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

डेल : त्यानेच सांगितलं ना त्यांना, थैली एक क्षणही माझ्या हातातून सुटली नाही म्हणून.

लिओना : मग दुसरं कोण करणार, असं झालं.

डेल : तसंच झालं.

लिओना : सुटली होती?

डेल : ती खाली ठेवायचीच नसते, असा नियम आहे. मीच म्हटलं, ठेव रे इथे, मी बघतो, तू दोघांसाठी कॉफी घेऊन ये. तो गेला. मी चार चेंडू गरम ओल्या टॉवेलांत गुंडाळून कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकले. दहा मिनिटं. मग एकेक गुडघ्याखाली घेऊन दाबला. कातडं असं मऊ झालं, तुला सांगतो. सगळं आठवणीत होतं, शाई तेवढी विसरलो.

लिओना : आणि ओटिस?

डेल : परत आला तेव्हा ड्रायर फिरत होता. आत चेंडू धडधडत होते. त्याने माझी कॉफी टेबलावर ठेवली आणि भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभा राहिला. ऑगस्टचं होतं ते.

लिओना : किक मारणाऱ्या त्या टीगने मागितलं होतं का तुझ्याकडे?

डेल : मागतं कोण, आई? तीन सामने त्याची प्रत्येक किक बाहेर जात होती. कडक चेंडू पायावरून सटकतो. शुक्रवारी त्याने नवा चेंडू हातात फिरवला, अंगठ्याने दाबला आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता तो शपथेवर सांगेल, मी कुणाला काही सांगितलं नाही. आणि ते खरं आहे.

लिओना : पोरांना मागायची वेळ येऊ द्यायची नाही.

डेल : तुझंच वाक्य.

लिओना : माझंच. खोलीत पहिल्या दिवशी तुला तेच शिकवलं.

डेल : त्याच्याही आधी. एक्क्याऐंशी सालचा सामना सांगायचीस ना तू, दर थँक्सगिव्हिंगला, टर्की कापायच्या आधी. समोरच्यांना धरता येऊ नये म्हणून जर्सी इतक्या आवळून शिवल्या होत्या, की घालायला दोन-दोन माणसं लागली. खांद्यांवर फर्निचरचं मेण फवारलं. पंचाने हात लावून पाहिला, पँटला पुसला, आणि हसून निघून गेला. इथे आजोबा टेबल थोपटायचे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वाटायचं, मोठं झाल्यावर आपलीही अशी एक गोष्ट हवी.

लिओना : त्यातलं थोडं मी सांगायची नाही.

डेल : काय?

लिओना : समोरच्या संघातला बावन्न नंबरचा पोरगा आपल्या माणसाला पकडायला आला. हात सटकला, तो तोंडघशी पडला आणि मनगट अंगाखाली आलं. मी सुईदोरा घेऊन मैदानाच्या रेषेपाशीच उभी होते. हाड मोडलेलं ऐकू आलं मला. पुढच्या मोसमात तो कुठे दिसला नाही.

डेल : तू कधीच बोलली नाहीस.

लिओना : तेवढं सांगितलं असतं तर तुझे आजोबा हसले नसते.

डेल : (कॉफीचा कप बाजूला सारतो.)

लिओना : आज काय विचारणार आहेत तुला?

डेल : एवढंच. थैली ओटिसच्या हातातून सुटली होती का. नाही म्हटलं, तर ओटिस गेला. त्याला तसंही पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय. हो म्हटलं, तर मी गेलो. सव्वीस वर्षं, आई. मला दुसरं काही येत नाही. आणि टीगची ती सामना जिंकून देणारी त्रेपन्न यार्डांची किक, जिच्यासाठी गावभर अजून झेंडे लागलेत, तिला लोक काय म्हणतील?

लिओना : जे आहे ते म्हणतील. तू काय म्हणणार आहेस?

डेल : येताना गाडीत दोन्ही उत्तरं मोठ्याने म्हणून पाहिली. दोन्ही अगदी नीट येतात.

लिओना : हं. घे, घाल कोट. बाही ओढू नकोस. आणि आधी ओटिसकडे जा, वकिलांकडे मग.

डेल : उशीर होईल.

लिओना : वकील थांबतात. त्यांना वेळेचेच पैसे मिळतात.

डेल : त्याच्याकडे जाऊन काय बोलू? तो म्हणेल, जाऊ दे डेल, मी म्हातारा झालो, मला चालतंय. खांद्यावर हात ठेवेल. आणि मी ते ऐकून घेईन, आई. मला माझी खात्री नाही.

लिओना : म्हणेलच तो. त्याचं काही ऐकू नकोस. त्याला गाडीत बसव आणि बरोबर त्या खोलीत ने. तो समोर बसला असताना तुला एकच उत्तर येईल.

डेल : तू येतेस?

लिओना : येते. मी मागे बसेन, पुढे त्याला बसू दे.