गहू असा कधी वागला नाही

...नाही, पण मला सांगा, शेळ्यांना हाक मारायची तरी कशी? चाळीस वर्षं गहू पिकवला, कधी हाक मारावी लागली नाही! पेरला तिथंच उभा! आणि ह्या बारा जणी... फाटक उघडायचा अवकाश, बारा दिशांना! गहू असा कधी वागला नाही हो!

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या मंडळींचं डोकं. तीन वर्षं तेच, पेरलं की पाऊस गायब, ओंबी भरली की धो धो! तिसऱ्या वर्षी काळी पडलेली ओंबी हातात घेऊन बांधावर बसलो होतो, तर ही म्हणाली, "अहो, शेळ्या घेऊ. झाडपाला खातील, थोड्या पाण्यात भागेल." म्हटलं, "मी गव्हाचा माणूस आहे!" तर म्हणते, "मग गहू कुठाय?"

...आणल्या बारा शेळ्या!

पण काय दिवस होते! वारा सुटला की पिवळं रान नुसतं सळसळायचं, मी दाणा दाताखाली धरायचो... कट्ट! आवाजावरून सांगायचो, चार दिवसांनी कापणी! लोक लांबून दाणे दाखवायला यायचे मला! आणि दोन महिन्यांपूर्वी एक शेळी अडली. पहिलटकरीण. पिल्लाचा एकच पाय बाहेर, ती ओरडतेय, आणि जनावरांचे डॉक्टर फोनवर, "काका, मला यायला दोन तास लागतील, आतला पाय दुमडलाय, चाचपून सरळ करा, ती जोर देईल तेव्हा ओढा!" चाचपून? अहो, मी जन्मभर दाणे चाचपले! ही ओरडली, "घाला हात, मरेल ती!" घातला, डोळे मिटून घातला! सापडला खूर... बोटाएवढा, गरम. गहू असा कधी... जाऊ द्या. ओढलं. निपचित! हिनं नाक पुसलं, मी चोळ चोळ चोळलं... आणि शिंकलं हो! तिथंच मातीत बसून ढसाढसा रडलो मी.

आता खरं सांगतो, घरामागं मी हिच्या नकळत चादरीएवढा गहू लावला होता. खायला नाही, नुसती सळसळ ऐकायला. काल बघतो तर तेच पिल्लू मधोमध उभं, आजूबाजूला सगळं साफ! काठी उचलली, तर त्यानं वर बघितलं, तोंडातून दोन ओंब्या लोंबताहेत... मागून ही विचारते, "काय हो, कसा झालाय यंदाचा गहू?"

काठी खाली ठेवली. म्हटलं, "गिऱ्हाईक खूश आहे!"